आमची तयारी कच्ची होती

थोरलीला मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पोचवून आम्ही दोघे नवराबायको महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत आलो, त्याला दोन महिने होऊन गेले. तेव्हापासून जिकडे जावे तिकडे एकच प्रश्न. जुम्म्याची नमाज झाली की मशिदीच्या पायऱ्यांवर, पाण्याच्या नळावर, फॉल-बिडिंगला साड्या घेऊन येणाऱ्या बायकांच्या तोंडी: "क्लास कोणता लावला होता?"

क्लासचे नाव आम्ही सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. खरे सांगायचे तर थोरलीची तयारी पहिल्या वेळीच बऱ्यापैकी झाली होती. कच्ची होती ती आमची, आईबापांची. तिचे एक वर्ष आमच्यामुळे गेले. घरातल्या अशा गोष्टी चारचौघांत बोलत नाहीत, पण या अंकात दहावी-बारावीची मुले असलेली पुष्कळ घरे आहेत, म्हणून लिहीत आहोत.

आम्ही माझगावचे. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून गनपावडर रोडच्या बाजूला आत आले की आमची चाळ. खोली एकच, तीत सहा माणसे. तिचे अब्बा गोदीत ठेकेदाराकडे वेल्डर आहेत, अम्मी घरीच शिलाई करते. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. दादा, म्हणजे मुलांचे आजोबा, १९६९ साली मुंबईला आले ते खांद्यावर पिंजण घेऊन. भायखळा, माझगाव, डोंगरी या भागात दारोदार फिरून कापूस पिंजायचा आणि गाद्या-रजया भरून द्यायच्या. पिंजणीच्या तारेचा टणटण आवाज ऐकला की लोक खिडकीतून हाक मारत. फोमच्या गाद्या आल्या आणि तो धंदा बसला. पिंजण मात्र अजून माळ्यावर आहे.

थोरलीच्या डोक्यात डॉक्टरकी शिरली आठवीत, २०१९ साली, आणि ती पुस्तकामुळे नव्हे. दादीच्या पायाच्या बोटांना जखम झाली होती. साखरेचा आजार. दादीने महिनाभर मोजा घालून ती लपवली. का, तर आमच्या ओळखीचे डॉक्टर पुरुष आणि पाय उघडा करून दाखवायचा संकोच. जे. जे. रुग्णालयात नेले तोपर्यंत दोन बोटे काढावी लागली. आमच्या घरापासून जे. जे. पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. थोरली शाळा सुटली की डबा घेऊन जायची आणि वॉर्डात बसून राहायची. तिथे एक निवासी डॉक्टर होत्या, परभणीकडच्या. कामाच्या रगाड्यातही त्यांनी तिला साखरेचा तक्ता कसा वाचायचा ते दाखवले. मग दादीचा तक्ता हीच भरून ठेवू लागली. दादीने उशीखाली लपवलेले खजूर हिनेच शोधून काढले. दादी चिडून म्हणाली, "ही डॉक्टर नाही, पोलीस होणार." आणि घरी आल्यावर आम्हाला हळूच म्हणाली, "ती पोरगी आधी भेटली असती तर मी पाय लपवला नसता." हे थोरलीने ऐकले.

आपल्या पायाशी काय आहे याचा आम्हाला कधी विचारच नव्हता. जे. जे.च्या आवारातले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. आशियातल्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी ते एक. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, १८५१ साली बाहेर पडलेले. पावणेदोनशे वर्षे ते आमच्या शेजारी उभे आहे आणि आम्ही तिथे गेलो ते केसपेपर काढायलाच. बाजूला नायर, परळला केईएम. मुंबईत राहून आपल्या पोरांना ही महाविद्यालये दिसत नाहीत, दवाखाने तेवढे दिसतात.

आठवीत तिने शाळेत सेमी इंग्रजी घेतले. शाळा मराठी माध्यमाची. गणित आणि विज्ञान तेवढे इंग्रजीतून. नातेवाईक म्हणाले, पोर ना इकडची राहील ना तिकडची. पण हा निर्णय बरोबर ठरला. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, २०१८ पासून उर्दूतही मिळते, हे खरे. पण अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तके आणि वर्गातले शिकवणे इंग्रजीत. शिवाय भाषांतरात काही शंका आली तर इंग्रजी प्रश्न प्रमाण धरतात. तेव्हा मराठी आणि उर्दू माध्यमातल्या मुलांनी आठवी-नववीपासून विज्ञानातले इंग्रजी शब्द वहीत लिहून ठेवावेत. थोरलीची अशी वही होती. एका बाजूला 'पेशीभित्तिका', दुसऱ्या बाजूला 'सेल वॉल'. अकरावीच्या पहिल्या महिन्यात वर्गातल्या कितीतरी मुली रडल्या. ही रडली नाही, या वहीमुळे.

नववी मात्र वाया गेली. टाळेबंदीचे वर्ष, घरात फोन एक आणि मुले दोन. धाकट्याचा वर्ग सकाळी, हिचा दुपारी, आणि अब्बा कामावर गेले की फोनही त्यांच्याबरोबर. भूमितीचे तास तर बुडालेच. दहावीला तिला चांगले गुण पडले, पेढे वाटले, आणि नववीचे गणित कच्चे राहिल्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही. ते वर आले तीन वर्षांनी, भौतिकशास्त्राच्या पेपरात.

अकरावीला क्लास लावला. दीड लाखाच्या पुढे फी. अम्मीच्या दोन बांगड्या आणि बचत गटाचे कर्ज. क्लासने पहिल्या चाचणीच्या गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडल्या, थोरली शेवटच्या तुकडीत पडली आणि चांगले शिक्षक पहिल्या तुकडीला गेले. आम्हाला याची रीत ठाऊक नव्हती. पैसे भरले म्हणजे आपले काम झाले, असे आम्ही समजत होतो.

इथेच आमची चूक येते.

अकरावीत असताना तिने कॉलेजातून एक कागद आणला. मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी जात पडताळणीचा अर्ज आताच करावा, असे त्यावर होते. आम्ही वाचला. "अजून दीड वर्ष आहे, बघू," म्हणून तो शिलाई मशीनच्या खणात ठेवला. वर रिळे, बॉबिन आणि बटणे पडली. कागद तिथेच राहिला.

आम्ही पिंजारी. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत पिंजारी-मन्सुरी आहेत, तसे मोमीन आहेत, बागवान आहेत, तांबोळी आहेत. आपल्यातल्या या जमातींना ते मिळावे म्हणून शब्बीर अन्सारींनी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून काम केले. दिलीपकुमार यांनीही त्या चळवळीला साथ दिली होती. पण अजूनही कितीतरी घरांत दोन गैरसमज आहेत. एक, मुस्लिमांना वेगळा कोटा आहे. नाही. जुलै २०१४ मध्ये राज्याने ५ टक्क्यांचा अध्यादेश काढला होता. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो अडवला नव्हता, पण त्याचा पुढे कायदा झाला नाही आणि तो संपला. दुसरा गैरसमज नव्हे, आक्षेप आहे: इस्लाममध्ये जात नाही, मग दाखला कशाचा काढता? आमच्या एका चुलत्यांनी हे भर जेवणात विचारले. नबी करीम (स.) यांच्या आखरी खुतब्यातली शिकवण आम्हालाही ठाऊक आहे. पण दादांनी पन्नास वर्षे पिंजण ओढली, आणि लग्न जुळवताना त्याच चुलत्यांना ती आठवली होती. दाखल्यावर जे आहे ते अल्लाहसमोरची पायरी नव्हे, बापजाद्यांचा धंदा आणि त्यामुळे राहिलेले शिक्षण आहे. एवढे बोलून आम्ही वाद सोडला.

बारावी संपली. ५ मे २०२४ ला नीट झाली. त्या वर्षीचा गोंधळ वाचकांना आठवत असेल. निकाल ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी. सुरुवातीला ६७ मुलांना ७२० पैकी ७२०. पेपरफुटीचे आरोप, वाढीव गुण, सर्वोच्च न्यायालय. शेवटी २३ जुलैला परीक्षा पुन्हा होणार नाही असे ठरले. एरवी ज्या गुणांवर मुले निश्चिंत असत त्या गुणांवर क्रमांक खूप खाली गेला. थोरलीचे गुण इथे लिहीत नाही, तिने नको म्हटले आहे. काठावर होती एवढे सांगतो. प्रवेशाची माहिती असणाऱ्या एका सरांनी सांगितले, ओबीसीतून शेवटच्या फेरीत कुठेतरी सरकारी जागा मिळण्याची आशा आहे, खुल्या गटातून नाही.

तेव्हा मशीनचा खण उघडला.

अर्ज कुठे करायचा इथूनच सुरुवात. आम्हाला वाटे, जन्म मुंबईचा, तर दाखला मुंबईचा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. त्या दिवशी घराणे जिथे राहत होते तिथल्या प्रांत कार्यालयातून दाखला निघतो. दादा १९६९ ला आले. म्हणजे सातारा. आणि पुरावा? तिच्या अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुस्लिम'. आमच्या निकाहनाम्यावर जात नाही, रेशनकार्डावर नाही. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा आम्ही अजून कागद गोळा करत होतो. थोरलीचा अर्ज खुल्या गटातून गेला. यादीत नाव आले नाही. खाजगी कॉलेजची फी ऐकून आम्ही तो विषयच काढला नाही. तिने आम्हाला एक शब्द विचारला नाही, आणि तेच जड गेले.

गावाला दादांना घेऊन गेलो. शहात्तर वर्षांचे दादा, तीस वर्षांनी गावच्या शाळेत. त्या शाळेत आपण किती दिवस होतो हेही त्यांना नीट आठवत नव्हते. गुरुजींनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले, बांधणी सुटलेले, कापडात गुंडाळलेले. १९५५ सालच्या पानावर बोट थांबले. दादांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आणि जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात: मुसलमान पिंजारी. शाळा सोडल्याचे साल १९५८, इयत्ता तिसरी. दादांना वाचता येत नाही. ते म्हणाले, "माझं नाव हाय का ह्यात? खरंच हाय?" गुरुजींनी त्यांचे बोट धरून त्या ओळीवर ठेवले. दादा बराच वेळ ते बोट उचलेनात.

परतताना एसटीत त्यांनी आपणहून सांगितले. १९८० साली तिच्या अब्बांना मुंबईत शाळेत घालताना कारकुनाने जात विचारली. दादा नुसते 'मुस्लिम' म्हणाले. पोराला कुणी गादीवाल्याचा पोरगा म्हणून हिणवू नये म्हणून. "मला काय म्हाईत बाबा, त्योच शब्द पोरीला लागंल." आम्ही काय बोलणार? त्यांनी पोराच्या भल्यासाठीच लपवला होता. आम्ही तर कागद हातात येऊनही खणात टाकला.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल मागितली. दादांच्या थोरल्या भावाच्या जन्माची नोंद निघाली, पण मोडी लिपीत. मोडी वाचणाऱ्या जाणकारांकडून लिप्यंतर करून घेतले. तिथेही तोच शब्द. मग दाखला, मग पडताळणी समितीकडे अर्ज, त्रुटी, पुन्हा शपथपत्र, वंशावळ. वैधता प्रमाणपत्र डिसेंबरात हातात आले. प्रवेश तेव्हा केव्हाच संपले होते.

त्या वर्षी घरात दोन स्थळे येऊन गेली. फुफीने एक आणले, तेही चांगले होते, हे नाकारत नाही. "वर्ष रिकामंच आहे तर निकाह करून टाका, पुढं शिकेल." रिकामे वर्ष हा शब्द थोरलीला लागला. अम्मीने फुफीला सरळ सांगितले, "आपा, वर्ष तिनं घालवलं नाही, आम्ही घालवलं. ते तिला परत द्यायचंय." यावर फुफी चार महिने आमच्याकडे आली नाही.

दुसऱ्या वर्षी क्लास लावला नाही, पैसेच नव्हते. सकाळी फजरनंतर ती भंडारवाड्याच्या टेकडीवर, काका बाप्टिस्टांच्या नावाच्या बागेत जाऊन बसे. बाकावरून खाली गोदी दिसते, अब्बा कामावर जाताना दिसत. दुपारी अभ्यासिका. तिने आधीच्या पेपरातल्या चुका मोजल्या तेव्हा बहुतेक भौतिकशास्त्राच्या निघाल्या. नीटमध्ये जीवशास्त्राला ३६० गुण, रसायन आणि भौतिकशास्त्राला १८०-१८०. चूक उत्तराला एक गुण वजा. जीवशास्त्र पाठांतरावर बरेच निघते म्हणून मुली त्यावरच जोर देतात, आणि भौतिकशास्त्र नुसते सोडून देतात. तिच्या जुन्या शाळेतले गणिताचे सर भेटले. त्यांनी तिची वही पाहून एवढेच म्हटले, "तुला सूत्र येतंय, अपूर्णांक येत नाहीत." रद्दीवाल्याकडून नववीचे बीजगणित आणि भूमिती आणली, चाळीस रुपयांना दोन्ही. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी एकोणीस वर्षांची मुलगी दीड महिना नववीची उदाहरणे सोडवत होती. धाकटा हसला, मग त्यानेच तिच्याकडून घातांक शिकून घेतले.

४ मे २०२५ चा पेपर. १८० प्रश्न, १८० मिनिटे, आदल्या वर्षासारखी ज्यादा वेळेची आणि पर्यायी प्रश्नांची सोय काढून टाकलेली. भौतिकशास्त्र इतके अवघड की केंद्राबाहेर मुले रडत बाहेर आली, त्यात आमचीही. आम्ही तिला मौलानांनी शिकवलेली दुआ आठवून दिली आणि भेळ खायला घातली, दुसरे काय करणार? १४ जूनला निकाल. देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ गुण. थोरलीचे गुण आदल्या वर्षापेक्षा कमी, आणि क्रमांक कितीतरी वर. अल्हमदुलिल्लाह. या वेळी फाईल तयार होती: जातीचा दाखला, वैधता, चालू वर्षाचे नॉन क्रिमीलेअर, अधिवास, दहावी-बारावी. दुसऱ्या फेरीत मिरज.

मिरज म्हणताच चाळीत कुणी म्हणाले, मुंबई सोडून तिकडे कशाला? १९६२ चे सरकारी महाविद्यालय आहे ते, आणि मिरज मीरासाहेबांच्या दर्ग्याचे तसेच दवाखान्यांचे गाव आहे. शिवाय आम्हाला आमच्या मुलुखाजवळ.

आता ज्यांची मुले आठवीत-नववीत आहेत त्यांना आमच्या अनुभवाचे दोन शब्द. मुलाला डॉक्टर व्हायचे असो वा नसो, घरातल्या जुन्या माणसांना आजच विचारा: गाव कोणते, शाळा कोणती, मुंबईला कधी आलात. दादा-नाना आहेत तोवर हे कळते. १९६७ च्या आधीचा एक कागद शोधा. दाखला आधी, मग अकरावीत पडताळणी; कॉलेजमार्फत अर्ज तेव्हाच होतो. एका मुलाची वैधता झाली की त्याच्या सख्ख्या भावंडांना बराच आधार मिळतो. नॉन क्रिमीलेअर ३१ मार्चला संपते, ते दरवर्षी पाहावे लागते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के लागतात, आणि वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवे. शाळेत घालताना जन्मतारीख पुढेमागे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मेस, पुस्तके, येणेजाणे आपल्याच खिशातून. आणि एमबीबीएस नाही म्हणजे सगळे संपले असेही नाही. थोरलीची मैत्रीण नर्सिंगला गेली, दुसरी बीयूएमएसला. दोघी खुश आहेत, निदान थोरलीपेक्षा जास्त झोपतात.

मिरजेला निघताना दादांनी माळ्यावरची पिंजण उतरवून घेतली. हात थरथरतात आता, तरी दोन दिवस गॅलरीत बसून कापूस पिंजला आणि वसतिगृहाच्या पलंगाच्या मापाची गादी भरली. थोरली म्हणाली, "दादा, तिथं गादी मिळते." दादा म्हणाले, "त्यांची गादी पिंजाऱ्यानं भरलीया का?" महालक्ष्मीच्या डब्यात ती गादी वरच्या बर्थवर ठेवली. टीसीने ती कुणाची आहे ते विचारले, तेव्हा थोरलीनेच सांगितले, माझ्या दादांनी बनवलीय.

धाकटा आता नववीत आहे. त्याच्या नावाची फाईल आम्ही गेल्याच महिन्यात केली. त्याने ती उघडून पाहिली आणि म्हणाला, "मला डॉक्टर नाही व्हायचं. मला गोदीत अप्रेंटिस व्हायचंय, अब्बांसारखं ठेकेदाराकडे नाही, कायम." माझगाव डॉक आठवी-दहावी झालेल्या मुलांना शिकाऊ म्हणून घेते हे त्याने स्वतःच शोधून काढले आहे. त्या फॉर्मलाही दाखला लागतो. फाईल आम्ही मशीनच्या खणात नाही, कपाटात ठेवली आहे.